मागच्या वॉर्डातलं उघडं कार्ड

मला नोकरी लागली ती इंग्रजीमुळे आणि टिकली ती मराठीमुळे. दोन्ही भाषा मला अर्धवटच येतात, हे इस्पितळात कुणाच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

बंगळूरच्या कंटोन्मेंटमधल्या कॉन्व्हेंटात मी अकरा वर्षं काढली आणि तिथून टायपिंग, पियानोचे चार धडे आणि खाली बघून बोलण्याची सवय घेऊन बाहेर पडले. घरी आम्ही मराठी बोलत असू. म्हणजे चामराजपेटेतल्या आमच्या घराण्याला जी मराठी वाटते ती. पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी घोड्यांवरून इकडे आले, असं अण्णा पाहुण्यांना सांगतात. घोडे कुठे गेले ते सांगत नाहीत. भाषा राहिली, पण तिला इतक्या वर्षांत शेजारपाजारच्या कन्नडच्या सवयी लागल्या. आम्ही भाताला 'स्वल्प' तूप वाढतो आणि पटलं की 'सरी' म्हणतो.

ही साठ सालानंतरच्या तीन-चार वर्षांतली गोष्ट. इस्पितळ धर्मादाय होतं आणि तिथे फक्त कॅन्सरचे रोगी येत. हा शब्द आमच्या घरात उच्चारत नसत. माझ्यासाठी स्थळं बघणाऱ्या बायकांना आई सांगे, "ती इंग्लिश ऑफिसात आहे." कुठल्या, असं कुणी विचारलंच तर आई कॉफी आणायला आत जाई.

माझा विभाग म्हणजे एक हेडक्लार्क, एक टाइपरायटर आणि छापील पोस्टकार्डांनी भरलेली तीन कपाटं. बरे होऊन घरी गेलेल्या रोग्यांना तपासणीसाठी पुन्हा बोलवायचं, एवढंच आमचं काम. कार्डावर इंग्रजी आणि कन्नडमध्ये छापलेलं असे की अमुक तारखेस जुने कागद घेऊन हजर राहावे. खाली थोडी मोकळी जागा होती, तिथे रोग्याच्या भाषेत दोन ओळी लिहायच्या. मराठी ओळी माझ्याकडे आल्या. पाकिटं वापरायची नाहीत असा नियम होता. कोणे एके काळी कुणीतरी ही कार्डं भरमसाट छापून घेतली होती आणि ती संपेपर्यंत दुसरं काही वापरायचं नाही, असा ठराव झाला होता. माझ्या हिशोबाने ती माझ्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पुरली असती.

बायकांचा एक वॉर्ड होता, त्याला सगळे 'मागचा वॉर्ड' म्हणत. खरं तर तो इमारतीच्या पुढच्या बाजूला होता. तिथल्या बहुतेक बायकांना गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता, आणि त्या जागेचं नाव घ्यायला लागू नये म्हणून वॉर्डालाच मागे ढकललं होतं. त्यांच्यावर रेडियमचा उपचार होई. मग त्या घरी जात. घरी गेल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर येत नसे.

आधार द्यायला एक महिला समिती होती. दर गुरुवारी तिच्या मुख्य बाई मोटारीतून येत आणि प्रत्येक खाटेवर एकेक मोसंबं ठेवत. "मन रमवा," असं त्या प्रत्येकीला सांगत. कसं, ते सांगत नसत. एक भजन होई, आणि मोटार परत जाई.

नऊ नंबरच्या खाटेवर निपाणीकडची एक बाई होती. पस्तिशीची असावी. तिच्या गावाहून मिरजेचं इस्पितळ जवळ, पण गाव मैसूर राज्यात गेल्यामुळे तिचे कागद बंगळूरला आले आणि कागदांच्या मागोमाग तीही आली. नवरा तंबाखूच्या वखारीत मुकादम होता. दोन मुलं होती. ऑफिसात कुणी मराठी बोलतं असं कळल्यावर ती एका दुपारी चालत माझ्या दारात आली.

"स्वल्प थांबा, एवढं टाइप करून घेते," मी म्हटलं.

ती उभ्या उभ्या हसली. "बाई, तुमची मराठी शेजारणीकडनं उसनी आणल्यागत हाय."

मला राग यायला हवा होता. पण तो येईपर्यंत ती खुर्चीवर बसलीसुद्धा.

तिकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. ती म्हणाली, "मी शनवारी घरला चाललो. भाऊ येऊन गेला काल. सासूचा निरोप आणलाय त्यानं. म्हणती, ही आता मागल्या खोलीत राहू दे, जेवूं दे, लेकरं बघूं दे. नवऱ्याजवळ जायाचं न्हाई. हिच्या अंगात इजंचं औषध घातलंय, माझ्या लेकाला भाजंल. आन् रोग लागंल ती येगळंच."

"मग?"

"मग तिच्या भणीची नात हाय एक, वीस वरसाची. तिला आणायची म्हणती. मालक अजून व्हय म्हणालं न्हाईत. न्हाई बी म्हणालं न्हाईत. आईम्होरं त्यांचं तोंडच उघडत न्हाई." मग तिने टाइपरायटरकडे बोट केलं. "डागदरला इचारा. मी नवऱ्याजवळ जाऊं शकतो का न्हाई? व्हय म्हणालं तर तसं लिवून पायजे. माझ्या बोलण्यावर कोण इस्वास ठेवणार?"

दुसरी बायको करायला आता कायद्याने बंदी आहे, असं मी म्हटलं. ती माझ्याकडे जरा दयेने बघत राहिली. कायदा निपाणीच्या अलीकडेच कुठेतरी उतरला असावा.

माझी पंचाईत तिला ठाऊक नव्हती. हा प्रश्न विचारायचा म्हणजे शब्द हवेत, आणि ते माझ्याकडे एकाही भाषेत नव्हते. कॉन्व्हेंटातल्या आमच्या हायजीनच्या पुस्तकात माणूस कमरेपर्यंत येई आणि एकदम गुडघ्यापासून पुन्हा सुरू होई. मधली पानं सिस्टरनी गोंदाने चिकटवली होती. आम्ही ती उजेडात धरून बघितली, पण गोंद चांगला होता. घरी मराठीत तर पानंच नव्हती.

म्हणून मी प्रश्न टाइप केला. 'खाट क्रमांक नऊच्या रोग्याची विचारणा: वैवाहिक सहजीवन पुन्हा सुरू करण्याबाबत.' इंग्रजीत तो पाणीपुरवठ्याच्या अर्जासारखा दिसला, तेव्हा जरा धीर आला. डॉक्टरांच्या टेबलावर तो ठेवून मी भिंतीवरचं घड्याळ बघत उभी राहिले.

डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. मराठी रोग्यांशी ते हातवाऱ्यांनी बोलत. त्यांनी कागद वाचला. "गुड," ते म्हणाले. "हे आजवर कुणी विचारलंच नाही. मला वाटलं, यांना माहीत असतं." मग त्यांनी मला समजावून सांगितलं, भराभर, खिडकीकडे बघत. मी घड्याळाकडे बघत ऐकलं. रेडियम काढून घेतल्यावर अंगात काही उरत नाही. हा आजार नवऱ्याला लागत नाही. दीड महिन्याने दोघांनी एकत्र यायला हरकत नाही, उलट यावंच, कारण या उपचारानंतर ती वाट सुकते आणि हळूहळू आखडून बंद होत जाते. मग तपासणीही नीट करता येत नाही. सुरुवातीला दुखेल, डाग दिसेल. सावकाश घ्यावं, वॉर्डातून मिळणारी जेली वापरावी.

"हे सगळं कार्डावर लिहा. मी सही करतो," ते म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

हेडक्लार्कनी ते ऐकून पेन खाली ठेवलं. ते सज्जन गृहस्थ होते. कपाळावर गंध, बंद गळ्याचा कोट, आणि तीस वर्षांत एकाही रोग्याकडे मान वर करून बघितलेलं नाही. "उघड्या कार्डावर? पोस्टमन वाचेल, अम्मा."

"मग पाकीट वापरू या का?"

"पाकिटाला ठराव लागेल. ठरावाला बैठक लागेल."

बैठक गुरुवारीच झाली, कारण त्या दिवशी समितीच्या बाई येणारच होत्या. त्यांच्या माहेरची भाषा मराठी होती आणि शुद्ध होती. मेट्रन, हेडक्लार्क, बाई आणि मी. मोसंब्यांची टोपली टेबलावर होती. विषय काय, हे कुणीही मोठ्याने बोललं नाही. तरी पाऊण तास चर्चा झाली.

"'पतिसेवेस हरकत नाही' असं लिहा," बाई म्हणाल्या. "सुसंस्कृत वाटतं."

पतिसेवा म्हणजे पाय चेपणं असंही होईल, असं मी अगदी हळू म्हटलं.

"मग त्यात वाईट काय आहे?"

मेट्रननी 'सर्व कर्तव्ये पूर्ववत पार पाडावीत' असं सुचवलं. बाईंना ते फार आवडलं. मला सासू दिसू लागली. ती हे वाचून सुनेला त्याच दिवशी विहिरीवर पाठवणार आणि रात्री मागच्या खोलीत निजवणार, आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांच्या हुकमाप्रमाणे होणार.

"तिला नेमकं काय हवं आहे?" बाईंनी विचारलं.

मी टोपलीकडे बघत म्हटलं, "नवरा."

मेट्रननी टोपली जरा बाजूला सरकवली. मग बाई उठल्या. "अशा वयात मन अध्यात्माकडे वळवावं, असं तिला माझ्यातर्फे सांगा," म्हणाल्या. बाई तिच्याहून वयाने बऱ्याच मोठ्या होत्या आणि त्यांचे यजमान मोटारीत वाट बघत होते. पाकिटाचा ठराव पुढच्या बैठकीवर गेला. शेवटी 'सांसारिक जीवन पूर्ववत सुरू करण्यास प्रत्यवाय नाही' हे वाक्य मंजूर झालं. 'प्रत्यवाय' बाईंचा. मी त्याचा अर्थ घरी जाऊन अण्णांना विचारला.

शुक्रवारी सकाळी मी ते वाक्य नऊ नंबरच्या खाटेपाशी जाऊन वाचून दाखवलं.

"म्हंजे काय? भाकऱ्या?" तिने विचारलं.

"नाही. म्हणजे, तेही. पण मुख्यतः..."

शेजारच्या दहा नंबरच्या खाटेवरची म्हातारी हुबळीकडची होती, तिला मराठी येत होती. ती म्हणाली, "या पोरीला घाम आलाय बघ. तूच सांग, ही लिहील."

"बाई, बसा हितं," नऊ नंबर म्हणाली. "मी सांगतो तसं लिवा. नवरा-बायकूनं एका हातरुणावर निजावं. झालं. माझ्या सासूला बी कळंल आन् तिच्या सासूला बी कळलं आसतं."

मी कार्ड मांडीवर धरून बसले. तिने एकेक विचारायचं आणि मी डॉक्टरांचं ऐकलेलं सांगायचं, असं चाललं. आखडण्याचं सांगितलं तेव्हा ती हसली नाही. "म्हंजी जवळ गेलं न्हाई तर बंदच होतंय म्हणा की," ती म्हणाली. मूल आता होणार नाही हेही मी सांगितलं. ते तिला ठाऊक होतं. "दोन हाईत. तेबी लिवा, न्हाईतर उद्या त्याच्यावरनं भांडण काढतील."

मी म्हटलं, "अक्का, मी घरून माझं पाकीट आणते. ठरावाचं मी बघून घेईन. हे असं उघडं नको जायला."

"पाकीट नको."

"पण पोस्टमन वाचेल. शाळेचे मास्तर वाचतील."

"वाचूं दे की. गावात पाकीट आलं की सासू चुलीत घालंल, आन् गावभर सांगंल, डागदरनं आत काय वंगाळ लिवलंय म्हणून. पाकीट म्हंजी झाकायचं काय तरी हाय असं. कारड आलं तर मास्तर वाण्याच्या कट्ट्यावर बसून वाचणार. एकानं वाचलं की सगळ्या गावाला पाठ. मग सासू कुणाकुणाचं तोंड दाबंल? मालकांस्नी बी बोलावं लागणार न्हाई. कारडानं सांगितलं म्हंजी झालं."

"तुम्हाला लाज नाही वाटणार?"

"लाजंपायीच तर वरीसभर अंगावर काढलो," ती म्हणाली. "तवा बोललो आसतो तर हितं दोन महिनं कशाला पडलो आसतो? आता ज्यांस्नी लाज वाटंल ती बघून घेतील."

मग तिने आणखी एक ओळ मागितली. दुसऱ्या बायकोची गरज नाही, असं लिहायचं. मी म्हटलं, हे काही डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. "मग इचारा," ती म्हणाली, "वखारीत माल नापास झाला तरी तसा शेरा लिवून देतात."

मी विचारलं. या वेळी टाइप न करता. डॉक्टरांनी भुवया वर केल्या, मग गंभीरपणे म्हणाले, "वैद्यकीय दृष्ट्या आवश्यकता नाही. असं लिहा. ते तर खरंच आहे."

कार्ड असं झालं, अगदी बारीक अक्षरात: 'हा आजार स्पर्शाने किंवा नवरा-बायको एकत्र आल्याने लागत नाही. अंगात औषधाची उष्णता उरलेली नाही. दीड महिन्याने नवरा-बायकोने एका अंथरुणावर निजावे. त्याने बाईच्या प्रकृतीला फायदा आहे, दूर राहिल्यास अपाय आहे. सुरुवातीस दुखेल, थोडा डाग दिसेल, भिऊ नये. सोबत दिलेली जेली वापरावी. तिने थांब म्हटले तर थांबावे. मूल होणार नाही, दोन आहेत. दुसऱ्या लग्नाची वैद्यकीय दृष्ट्या आवश्यकता नाही.' डॉक्टरांनी खाली सही केली. त्यांना एक अक्षरही वाचता आलं नाही, म्हणून की काय, सही फार झोकदार आली.

'तिने थांब म्हटले तर थांबावे' हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं. तिनेही नव्हतं. ते माझं होतं. कुठून आलं ते मला अजून सांगता येत नाही.

आता शिक्का राहिला. शिक्क्याशिवाय कार्ड बाहेर जात नसे आणि शिक्का हेडक्लार्कांच्या खणात असे. त्यांनी कार्ड वाचलं. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी शिक्का शाईत दाबला, नीट नेम धरला आणि 'एका अंथरुणावर निजावे' या शब्दांवर उमटवला. वाक्य जांभळ्या गोलाखाली पूर्ण बुडालं.

"सरी," ते म्हणाले आणि जेवायला गेले.

मी कधी कुणाचा खण उघडलेला नव्हता. त्या दुपारी उघडला. दुसरं कार्ड घेतलं, सगळं पुन्हा लिहिलं, डॉक्टरांकडून पुन्हा सही आणली. ती कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही. मग मी शिक्का वरच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं तिथे मारला. तो थोडा तिरका आला.

शनिवारी ती भावाबरोबर निघाली तेव्हा मी तिला कार्ड दाखवलं. तिला दोन इयत्तांपुरतं वाचता येत होतं. बोट ठेवून तिने एकच ओळ वाचली, हवी होती ती. मग पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि शुभ वार्तेच्या पत्राला लावतात तसं कार्डाच्या कोपऱ्याला कुंकवाचं बोट टेकवलं. नाहीतर इस्पितळाचं कार्ड बघून मास्तर आधी रडायलाच लागतील, म्हणाली. मी ते फाटकाबाहेरच्या पेटीत टाकलं.

पुढचे पंधरा दिवस मी रोज टपाल हेडक्लार्कांच्या आधी गाठायचा प्रयत्न केला. ज्या दिवशी उशीर झाला, त्याच दिवशी उत्तर आलं. मी पोचले तेव्हा ते साधं पोस्टकार्ड त्यांच्या हातात होतं आणि ते चष्मा वर करून वाचत होते. त्यांना मराठी वाचता येतं, हे मला त्या शिक्क्यानेच कळलं होतं, आणि आपण पूर्वी कुठल्या ओळीवर शिक्का मारला हे ते विसरले नव्हते.

"दुसरं कार्ड गेलं होतं तर," ते म्हणाले.

मी टाइपरायटरचं झाकण काढू लागले.

त्यांनी मोठ्याने वाचलं. अक्षर मास्तरांचं होतं. 'तीर्थरूप डॉक्टरसाहेबांस मुकादमांचा साष्टांग नमस्कार. आपले कार्ड पोचले. कट्ट्यावर वाचून झाले. आमच्या मातोश्रींना खरे वाटेना म्हणून त्यांनी ते शेजारच्या गावच्या मास्तरांकडूनही वाचवून घेतले. त्यांनीही तेच वाचले. मावशीच्या नातीचे दुसरीकडे ठरवतो आहोत. कृपा करून कळवावे की, दीड महिना कोणत्या तारखेपासून धरावा. औषध संपले तेव्हापासून, इस्पितळातून सुटली तेव्हापासून, की कार्ड मिळाले तेव्हापासून. घरात यावर मतभेद आहेत.' खाली मास्तरांची सही नव्हती. मुकादमाने स्वतः केली होती. जाड, वाकडी, आणि एका अक्षराला काना द्यायचा राहिलेली.

मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. हेडक्लार्क कार्डाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी एरवी फक्त महिनाअखेरीला हिशोब जुळेना की बघत असे ते भाव आले.

"ही चूक आपली आहे," ते म्हणाले. "मुदत दिली आणि आरंभ दिला नाही. असं पत्र या ऑफिसातून जाता कामा नये. डॉक्टरांना विचारून या."

मी धावत जाऊन आले. औषध संपल्यापासून.

त्यांनी नऊ नंबरचे कागद मागवले, उपचार संपल्याची तारीख काढली, बोटांवर आठवडे मोजले आणि पुन्हा मोजले. मग खणातून पंचांग काढून एक पान उलटलं.

"त्या दिवशी अमावास्या येते," ते म्हणाले. "गावाकडची माणसं. घरात आधीच मतभेद आहेत. दुसऱ्या दिवशीची तारीख घाला."

मी दुसऱ्या दिवशीची तारीख घातली.